अभ्यास आणि विश्वास: दमछाक करणाऱ्या या चुका टाळा

दुसऱ्या वर्षाला असताना मी वहीच्या शेवटच्या पानावर वेळापत्रक आखलं होतं. पहाटे ५ ते ६ प्रार्थना, ६ ते ६.३० पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, वाचन, मग आंघोळ, मग कॉलेज. ते ९ दिवस टिकलं. दहाव्या रात्री जर्नल पूर्ण करताना २ वाजले, पहाटेचा गजर झोपेतच बंद केला गेला, आणि त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी प्रार्थनाच केली नाही. मला लाज वाटत होती. एवढं ठरवून मोडणाऱ्या मुलीने कुठल्या तोंडाने गुडघे टेकायचे?

आता बरीच वर्षं मी विद्यार्थ्यांच्या एका छोट्या अभ्यासगटात बसते. "ताई, वेळच मिळत नाही" हे वाक्य दर आठवड्याला कानावर येतं. ते खोटं नसतं. पण थोडं बोलत बसलं की खाली दबलेली दुसरी अडचण वर येते. आपण देवाला परीक्षक करून ठेवलेलं असतं: रोज हजेरी घेणारा, गैरहजेरी मांडून ठेवणारा. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ मला तिथे दिसतं.

पहाटे पाचची प्रतिज्ञा

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला असं आहे. शिबिरात हे वचन ऐकून आलेली मुलं दुसऱ्या दिवसापासून पाचचा गजर लावतात. पण मार्कच्याच सहाव्या अध्यायात तो लोकांना निरोप देऊन दिवस कलताना डोंगरावर जातो, आणि लूक सांगतो की बारा प्रेषित निवडण्याआधी त्याने सबंध रात्र प्रार्थनेत घालवली. घड्याळातली वेळ बदलते. एकांताची ओढ बदलत नाही. रात्री एकपर्यंत जागून अभ्यास करणाऱ्याने पहाटेचाच हट्ट धरू नये.

१० मिनिटं पुरेत, पण ती रोजच्या एखाद्या पक्क्या सवयीला बांधा. दात घासून झाल्यावर, फोन हातात घेण्याआधी. किंवा लायब्ररीत पुस्तक उघडण्याआधी. फोनच्या आधी हा क्रम मी मुद्दाम सांगते, कारण एकदा ग्रुपवरचे मेसेज वाचले की डोकं सबमिशनच्या तारखेत अडकतं आणि प्रार्थनेत फक्त ओठ हलतात.

ज्या दिवशी १० मिनिटंही नाहीत त्या दिवशी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली. डिडाखे नावाच्या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत ती दिवसातून ३ वेळा म्हणायला सांगितलं आहे. सावकाश म्हटली तरी ती मिनिटभरात होते. त्यात आपण भाकर मागतो ती आजची. अख्ख्या सेमिस्टरची काळजी उशाशी घेऊन झोपणाऱ्याने त्या एका शब्दावर रोज थोडं थांबावं.

लेवीयमध्ये अडकलेली वाचनयोजना

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) वाचल्या जाणाऱ्या पवित्र शास्त्रात ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय. उत्पत्ती भरभर जातं. निर्गमच्या उत्तरार्धात निवासमंडपाची मापं सुरू होतात, मग लेवीयचे २७ अध्याय, आणि तेवढ्यात टेस्ट येते. आठवडाभर वाचन राहिलं की २० हून जास्त अध्यायांची थकबाकी. मग एका रविवारी दुपारी सगळी फेडायचा प्रयत्न, आणि सोमवारपासून पुस्तक बंद.

ही थकबाकी फेडूच नका. आजचा जो भाग आहे तो वाचा, राहिलेला राहू द्या. किंवा योजनाच लहान घ्या: मार्कचे १६ अध्याय, फिलिप्पैकरांस पत्राचे ४, नीतिसूत्रांचे ३१, म्हणजे तारखेप्रमाणे रोज एक. स्तोत्र ११९ मध्ये १७६ वचनं आहेत आणि स्तोत्र ११७ मध्ये फक्त २. दोन्ही त्याच संहितेत आहेत. देवाची दया रोज सकाळी नवी असते हे विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलं आहे, तेही नगर उद्ध्वस्त झाल्यानंतर. चार चुकलेल्या दिवसांनी ती आटत नाही.

अभ्यास जगाचा, प्रार्थना देवाची

ही माझ्या मते सगळ्यात खोल रुतलेली चूक. मुलं सांगतात, "सहा तास अभ्यासात गेले, देवासाठी काहीच केलं नाही." आणि ते सहा तास कोणासाठी होते?

दानीएलचा पहिला अध्याय विद्यार्थ्याच्या नजरेने वाचून बघा. घरापासून तोडून आणलेली चार तरुण मुलं. ३ वर्षांचा अभ्यासक्रम. विषय: खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, भाषा आणि वाङ्मय. दानीएलने तो अभ्यासक्रम नाकारला नाही. नवं, परकं नावसुद्धा त्याच्यावर लादलं गेलं, त्यावरही तो अडून बसलेला दिसत नाही. आणि त्या चौघांना विद्येत प्रावीण्य देवानेच दिलं असं वचन स्पष्ट सांगतं. परक्या राजाच्या दरबारात परक्या भाषेचं व्याकरण घोकणं, हेही देवाच्या नजरेखालचं काम होतं.

मग त्याने रेघ कुठे ओढली? राजाच्या ताटातल्या अन्नापाशी. आणि कशी ओढली ते त्याहून शिकण्यासारखं आहे. त्याने आरडाओरडा केला नाही. वरिष्ठाला विनंती केली. तो घाबरला, कारण त्याचं डोकं उडायची भीती होती. दानीएलने ती भीती समजून घेतली आणि कारभाऱ्यापुढे साधा पर्याय ठेवला: १० दिवस आम्हाला शाकान्न आणि पाणी द्या, मग आमचे चेहरे पाहा आणि ठरवा.

मैत्रीण म्हणते, "माझी हजेरी लाव ना." प्रॅक्टिकलची रीडिंग शेजारच्याच्या वहीतून उतरवायची सोय असते. असाइनमेंट एआयकडून लिहून घेऊन आपलं नाव टाकता येतं. या जागा आपली रेघ ओढण्याच्या आहेत, आणि आपल्यापैकी पुष्कळजण इथे रेघ पुसून रात्री भक्तिगीत ऐकतात. नकार देताना दानीएलसारखा पर्याय ठेवा. "हजेरी नाही लावणार गं, पण आजच्या लेक्चरच्या नोट्स तुला संध्याकाळी देते, आणि समजावूनही सांगते." असं बोलल्याने मैत्री तुटत नाही. तुटली तरी नोट्स द्या.

प्रेषित पौल कलस्सै इथल्या मंडळीला लिहितो की जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. हे तो सर्वांत आधी दासांना लिहितो आहे, ज्यांना आपलं काम निवडायची मुभाच नव्हती. नावडता विषय, कंटाळवाणं लेक्चर, तिसऱ्यांदा करावा लागणारा प्रयोग, हे सगळं त्यात बसतं. अभ्यासाला बसताना एक वाक्य म्हणा: "प्रभू, पुढचे दोन तास तुझे." आणि मग खरोखर अभ्यास करा, दर पाच मिनिटांनी फोन उचलू नका.

परीक्षेच्या महिन्यात उपासना बंद

"परीक्षा संपली की येते मंडळीत." हे मी स्वतः अनेकदा म्हटलं आहे. परीक्षा संपते, मग प्रोजेक्ट येतो, मग पुढचं सेमिस्टर.

निर्गमच्या ३४व्या अध्यायात शब्बाथाच्या आज्ञेला एक छोटी पुरवणी आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात राहते: नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही सातव्या दिवशी विसावा घ्या. शेतकऱ्याच्या वर्षातले हे दोन काळ असे की एक दिवस गेला तर पीक जाईल अशी धास्ती असते. नेमके तेच दोन नाव घेऊन सांगितले. काम सैल असताना थांबायला विश्वास लागतच नाही. आपली कापणी म्हणजे परीक्षेचे ते तीन आठवडे.

पण कोरड्या निश्चयाने हे जमत नाही, आदल्या दिवसाची तयारी लागते. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं रोजचं अन्न, मिळत होता तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, म्हणजे सातव्या दिवशी बाहेर जावं लागत नसे. शनिवारी दोन तास जास्त बसा. सोमवारचं सबमिशन शनिवारी रात्रीच बॅगेत भरा. रविवारची सगळीच सुट्टी शक्य नसेल तर उपासनेचे दोन तास आणि दुपारचं जेवण एवढं तरी मोकळं ठेवा, आणि उपासनेत बसून सूत्रांची चिठ्ठी चाळू नका.

नर्सिंगच्या मुली विचारतात, रविवारीच ड्यूटी लागली तर? कोणाची परीक्षाच रविवारी असते. तिथे मनाला टोचून घेऊ नका. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे येशूचंच म्हणणं आहे. त्या आठवड्यात दुसरा अर्धा दिवस काढा, एखाद्या घरच्या प्रार्थनासभेला जा. मात्र ते आधी ठरवून ठेवा. "बघू" म्हटलं की आठवडा निघून जातो.

मंडळीतल्या प्रत्येक कामाला "हो"

ही चूक गुणी मुलांकडून होते. गायनपथक, संडे स्कूल, तरुण संघाची बैठक, नाताळच्या नाटकाची तालीम, शिवाय पाळकसाहेबांचे स्लाइड तुम्हीच करता कारण तुम्हाला कॉम्प्युटर येतो. मग एके दिवशी सगळंच सोडून द्यावंसं वाटतं.

इस्राएलांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसला होता तेव्हा त्याचा सासरा इथ्रो म्हणाला की हे ठीक नाही. तूही थकून जाशील आणि तुझ्याबरोबरचे हे लोकही. दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. थकलेल्या शिक्षिकेचा वर्ग मुलांनाही थकवतो. वर्षासाठी एकच जबाबदारी धरा. बाकीच्यांना तोंडावर, वेळेत सांगा: "मावशी, या वर्षी संडे स्कूल मनापासून करते. गाण्याला मला नाही जमणार." हो म्हणून तालमीला न जाणं त्यापेक्षा पुष्कळ वाईट.

झोपेला आळस समजणे

एलीया संदेष्टा आपला जीव जाऊ दे म्हणत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. होरेब डोंगरावर देवाचा मंद स्वर त्याला ऐकू आला तो त्यानंतर ४० दिवसांनी. प्रार्थनेत मन लागत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी विचारते: काल किती तास झोपलास? जेवलास का? पुष्कळदा दुरुस्ती तिथेच सापडते.

झोप आणि जेवण पूर्ववत होऊनही आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा, आणि आजच एखाद्या जवळच्या माणसाला सांगा. तुमचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणालं तर त्याला एलीयाचा अध्याय वाचायला द्या.

प्रार्थना केली आहे, पास होईनच

एका विषयाचा अभ्यास अर्धाच झाला होता, तरी मी गटात सगळ्यांना सांगत होते, "देव मला यातून नेणार." निकालात तोच विषय राहिला. मला नापास होण्याइतकंच दुःख झालं की आता देवाचं नाव खाली पडलं. खरं तर मी अभ्यासाची जागा प्रार्थनेने भरायला निघाले होते, आणि त्याला विश्वास म्हणत होते.

उलटही घडतं, आणि ते जास्त दुखतं. जीव तोडून अभ्यास केलेला, उपासात प्रार्थना केलेली, तरी प्रवेश मिळत नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून ३ वेळा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढं उत्तर मिळालं. हे उत्तर त्या दिवशी पटणार नाही. मलाही पटलं नव्हतं. अशा वेळी परीक्षेला जाताना करायच्या प्रार्थनेतली मागणी थोडी बदला: आठवण शाबूत राहो, हात कापू नये, प्रामाणिक राहता यावं, आणि निकाल काहीही लागला तरी तुझ्यापासून तोंड लपवावंसं वाटू नये.

प्रश्न पडले म्हणून गप्प बसणे

वर्गात उत्क्रांती शिकवली जाते, तत्त्वज्ञानाच्या तासाला देवाच्या अस्तित्वावर वाद होतो, होस्टेलवर कोणी विचारतं की चांगल्या माणसांनाच दुःख का. उत्तर येत नाही, आणि मंडळीत विचारलं तर लोक काय म्हणतील ही भीती. हळूहळू येणं थांबतं.

येशूचा शिष्य थोमा याची गोष्ट संशयी म्हणून सांगितली जाते. योहानाच्या २०व्या अध्यायात एक बारीक तपशील आहे. बाकीच्यांनी मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूला पाहिलं होतं, थोमाने नव्हतं आणि त्याने विश्वास ठेवायला साफ नकार दिला. तरी आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले तेव्हा थोमा त्यांच्याबरोबर होता. त्यांनी त्याला बाहेर काढलं नव्हतं, आणि तोही निघून गेला नव्हता. बंद दारांच्या आत, आपला प्रश्न घेऊन, तो त्यांच्यातच बसला होता.

आमच्या गटात आता एक वही असते. नाव न लिहिता प्रश्न लिहायचा. काही प्रश्नांची उत्तरं मला येत नाहीत, मग मी तसं सांगते आणि आम्ही मिळून शोधतो. तुमच्याकडे असा गट नसेल तर दोघंजण पुरेत, आणि एक वही.