कासारवाडीचा आवाज आणि माझी बेरीज

पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीत जुना मुंबई-पुणे रस्ता आणि लोहमार्ग शेजारीशेजारी. दोन्हींचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये गणिताने काढला: रस्ता ६८ डेसिबल, रेल्वे ६५. बेरीज ६९.८, कारण डेसिबल लॉगरिदमने मिळवतात. पण गच्चीवरच्या मीटरशी काही केल्या जुळेना!

दोन दिवस इमारतींच्या उंचीलाच दोष देत बसलो. घोळ वेगळाच निघाला. रस्त्यासाठी निवडलेली ब्रिटिश सीआरटीएन पद्धत एल१० देते, म्हणजे दहा टक्के वेळ ओलांडली जाणारी पातळी. रेल्वेचा आकडा मात्र सरासरी ऊर्जेचा, एलईक्यू. ही बेरीजच चूक. दोन्हींना सीनॉसॉस ही एलईक्यू देणारी युरोपीय पद्धत लावली, दुचाकी वेगळ्या गटात टाकल्या. फरक बराच उतरला. उरलेला बहुधा हॉर्नचा. तो कुठल्या सूत्रात बसवणार?