शिक्षकांना बालहक्क कितपत उमगलेत, हे कसं तपासायचं?

‘बालहक्क कोणते?’ असं विचारलं की शिक्षण, आरोग्य, संरक्षण ही यादी बहुतेक शिक्षक धडाधड म्हणून दाखवतात. त्यावरून काहीच कळत नाही. खरी समज दिसते ती गृहपाठ न आणणाऱ्याची मधली सुट्टी बंद करताना. म्हणून व्याख्या विचारू नका, प्रसंग द्या.

पाच-सहा चिठ्ठ्या पुरेत: गुण वर्गात मोठ्याने वाचणं, तासाला लघवीला न सोडणं, भांडणात ‘नेहमीच्या’ मुलाला न विचारताच दोषी धरणं, असे रोजचेच प्रसंग घ्या. प्रत्येकाने आधी पाच मिनिटं एकट्याने लिहायचं: मी काय करतो, कोणता हक्क दुखावतो, दुसरं काय करता येईल. थेट चर्चेला बसवलंत तर ज्येष्ठ बोलतात, बाकीचे माना डोलावतात. मुख्याध्यापक तेवढा वेळ बाहेर थांबले तर उत्तम.

मग संयुक्त राष्ट्रांची १९८९ ची बालहक्क संहिता काढा. सगळी ५४ कलमं वाचलीत तर लोक पेंगतील. २ (भेदभाव नको), १२ (मुलांचं मत ऐकणं), १६ (खासगीपणा), १९ (हिंसेपासून संरक्षण), २८ (शिक्षण) आणि ३१ एवढीच घ्या. कलम २८ नुसार शाळेची शिस्तही मुलाची प्रतिष्ठा राखणारी हवी. ३१ मध्ये विश्रांती आणि खेळ हक्क म्हणून येतात, त्यामुळे मधली सुट्टी हे बक्षीस उरत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ १२ वर होतो. ‘म्हणजे मुलं म्हणतील तसं करायचं?’ नाही. त्यांच्याशी संबंधित बाबीत त्यांचं ऐकायचं आणि वय, समज पाहून त्या मताला वजन द्यायचं. किमान वयाची अट नाही. सहलीचा निर्णय पहिलीतलं मूल घेणार नाही. स्वच्छतागृहात जायला भीती का वाटते, हे मात्र तेच सांगू शकतं. सूचना मानता आली नाही तर कारण सांगा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही.

‘आधी कर्तव्य, मग हक्क’ हा आक्षेप येणारच. वर्गाचे नियम जरूर करा, पण हक्क चांगल्या वागण्याने कमवावे लागत नाहीत.

शेवटी प्रत्येक शिक्षकाने एकच सवय निवडून चार आठवडे बदलून पाहावी. फरक पडला का, हे मुलांना विचारा: बिननावी चिठ्ठ्या, लिहिता न येणाऱ्यांना चित्रं. चिठ्ठ्या वर्गशिक्षकाने गोळा करू नयेत. आपलं अक्षर ओळखलं जाईल म्हणून मुलं गोड गोडच लिहितात.