आचके देणाऱ्या हार्ड डिस्कमधून फोटो कसे काढले

ताईच्या लॅपटॉपची ५०० जीबीची हार्ड डिस्क फोल्डर उघडताना अडकायला लागली होती. टकटक आवाज येत नव्हता, म्हणून घरीच प्रयत्न केला. टकटक येत असेल तर बहुधा हेड, म्हणजे डिस्कवरचा डेटा वाचणारा भाग, गेलेलं असतं. मग डिस्क लगेच बंद करून क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबकडेच द्यावी.

स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यात, १९७ क्रमांकाचा आकडा, म्हणजे वाचायला त्रास देणारे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), वाढत होता. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) कृपया चालवू नका. ते दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहितं आणि उरलंसुरलंही हातचं जातं.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू या डेटा वाचवायच्या साधनाने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, १ टीबीच्या नव्या डिस्कवर घेतली. कुठली डिस्क कुठली, हे सिरियल नंबर जुळवून पाहिल्याशिवाय एंटर दाबू नये. उलटसुलट झालं तर सगळंच पुसलं जाईल. हे साधन आधी चांगला भाग भराभर उचलतं, खराब जागा आली की पुढे उडी मारतं आणि काय राहिलं ते मॅपफाइलमध्ये टिपून ठेवतं. डिस्क मध्येच दिसेनाशी झाली तेव्हा केबल काढून परत लावली, तीच कमांड दिली, आणि काम राहिलं तिथून पुढे सुरू झालं. खरी करामत त्या मॅपफाइलचीच!

इमेज फक्त वाचण्यापुरती माउंट केल्यावर, म्हणजे डिस्कसारखी उघडल्यावर, बहुतेक फोल्डर नावांसकट मिळाले. जे उघडेनात, त्यांतले फोटो फोटोरेक या हरवलेल्या फाइली शोधणाऱ्या साधनाने इमेजमधूनच शोधले. त्यात मूळ नावं जातात, पण फोटोत नोंदलेली तारीख शाबूत असते; त्यावरून ताईने ते वर्षवार लावून घेतले.