उन्हाळ्यात हार्ड डिस्क कुठं ठेवायची
अथणी-चिकोडीकडं पत्र्याच्या घरात माळ्यावर हार्ड डिस्क ठेवू नकासा, दुपारी पत्रा तापला की वर नुसती भट्टी होते. बऱ्याच डिस्क चालू असताना ६० अंशांपर्यंत सोसतात, पण तिथवर जाऊच कशाला द्यायचं, खालच्या खोलीत उन्ह न लागणाऱ्या भिंतीच्या कपाटात ठेवा. अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणारी) पिशवी, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आणि घट्ट झाकणाचा डबा, कारण बेळगावजवळच्या खानापूरकडं उन्हाळा संपला की लगेच धो धो पाऊस, आणि दमट हवा पण तितकीच वाईट. फ्रिजमध्ये अजिबात नको, बाहेर काढली की पाणी धरतं. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) असेल तर जास्त जपा, न लावता तशीच पडून राहिली तर उष्णतेनं डेटा लवकर जातो. दर सहा महिन्यांनी लावून फायली उघडून बघा, आणि आईवडिलांच्या फोटोंची दुसरी कॉपी दुसऱ्या घरात पाहिजेच.