वादळांचं मॉडेलिंग शिकताय? आधी एकच ढग नीट बघा

गडगडाटी वादळांच्या मॉडेलिंगमध्ये नवीन आलेले बरेच जण थेट डब्ल्यूआरएफ हे हवामान अंदाजाचं मोठं मॉडेल घेतात, कुठल्यातरी खऱ्या दिवसाचा डेटा टाकतात आणि नकाशावर लाल-पिवळे डाग उमटले की खूश होतात. माझं मत विचाराल तर सुरुवात तिथून करूच नका, कारण त्यात डोंगर, समुद्र, ऊन, मातीतली ओल सगळं एकदम असतं आणि वादळ नेमकं कशाने उठलं हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यापेक्षा जॉर्ज ब्रायन यांचं सीएमवन हे ढगांचं मॉडेल घ्या, फुकट आहे, फोर्ट्रानमध्ये आहे, आणि त्यात सपाट जमीन, सगळीकडे सारखीच हवा असं साधं जग उभं करता येतं. त्या हवेत मधोमध एखाद-दोन अंशांनी गरम असा १० किलोमीटर त्रिज्येचा बुडबुडा सोडायचा आणि काय होतं ते बघायचं.

हवेचं प्रोफाइल, म्हणजे उंचीप्रमाणे तापमान आणि ओलावा कसा बदलतो ते, वाइझमन आणि क्लेम्प यांच्या १९८२ च्या पेपरमधलं वापरा, अजूनही बरेच जण तेच वापरतात. आधी वाऱ्याचा शिअर, म्हणजे उंचीप्रमाणे वाऱ्यात होणारा बदल, शून्य ठेवून रन करा. ढग जोरात वर जातो, पाऊस पडतो आणि तासाभरात खेळ खलास. मग खालच्या काही किलोमीटरमध्ये वारा उंचीप्रमाणे वाढेल असं करा, बाकी काही हलवू नका. मध्यम शिअरला पहिल्या सेलच्या (वर जाणारा झोत आणि त्याचा पाऊस असं वादळाचं एक एकक) शेजारी नवीन सेल उठायला लागतात आणि शिअर अजून वाढवला की सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारं, बराच वेळ टिकणारं वादळ मिळतं. केप (हवेला वर उठायला मिळणारी ऊर्जा) तेवढाच, फक्त वारा बदलला आणि वादळाचं आयुष्यच बदललं, हे स्वतःच्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय खरंच पटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वादळ स्वतःला नवं कसं करतं. पाऊस ढगाखालच्या कोरड्या हवेतून पडताना थोडा बाष्प होतो, एक किलो पाण्याला साधारण २५ लाख ज्यूल लागतात आणि ती उष्णता हवेतूनच जाते, म्हणून हवा थंड आणि जड होऊन खाली आदळते नि जमिनीवर पसरते. हा कोल्ड पूल. त्याची पुढची कड पाचरीसारखी गरम दमट हवेखाली घुसते आणि तिला वर ढकलते, तिथेच पुढचा सेल जन्मतो. पण पूल फार जोरात पळाला तर ढगाला मागे टाकून जातो आणि वादळ मरतं, शिअर शून्य असताना हेच होतं. रोटुनो, क्लेम्प आणि वाइझमन यांनी १९८८ मध्ये मांडलं की कोल्ड पूलच्या कडेवर हवेला मिळणारं आडव्या अक्षाभोवतीचं फिरणं आणि शिअरमुळे येणारं उलटं फिरणं यांचा तोल जमला की हवा सरळ उभी वर जाते. हा तोल किती निर्णायक यावर वाद झालेत, ते पेपरही वाचा.

हे समजून घ्यायला माझा आवडता प्रयोग म्हणजे मायक्रोफिजिक्सच्या (ढगातले थेंब, पाऊस, बर्फ यांचा हिशोब) कोडमध्ये जाऊन पावसाचं बाष्पीभवन बंद करायचं. मायक्रोफिजिक्ससाठी केसलरची स्कीम घ्या, तिच्यात बर्फच नाही त्यामुळे कोड छोटा आहे, ती ओळ सापडते. मध्यम शिअरचाच रन परत करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. कोल्ड पूल जवळपास गायब होतो, नव्या सेलना वर ढकलणारं कोणी उरत नाही. असं एकेक प्रोसेस बंद करत गेलात की जेवढं कळतं तेवढं कितीही सुंदर ॲनिमेशन बघून कळणार नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड डायनॅमिक्स, अंशतः विकलक समीकरणं (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स) आणि लिनक्स-पायथॉन, एवढं हवंच. स्क्यू-टी, म्हणजे उंचीप्रमाणे तापमान आणि ओलावा दाखवणारा आलेख, हाताने काढायला शिका. केपवरून वरच्या झोताचा कमाल वेग काढता येतो, २००० ज्यूल प्रति किलोला सेकंदाला ६३ मीटर, आणि मॉडेलमध्ये त्यापेक्षा बराच कमी येतो, का येतो याचं उत्तर शोधताना एन्ट्रेनमेंट (बाजूची कोरडी हवा ढगात मिसळणं), पाण्याचं वजन, दाब सगळं आपोआप शिकून होतं.

ग्रिडबद्दल घाई नको. ग्रिडमधलं, म्हणजे मॉडेल ज्या बिंदूंवर गणित करतं त्यांच्यातलं, अंतर तिन्ही दिशांनी अर्धं केलं की टाइमस्टेपही (एका वेळी किती सेकंद पुढे जायचं तो) अर्धा होतो, म्हणजे काम १६ पट. १ किलोमीटरच्या ग्रिडवर शिका, पण ढगातली घुसळण नीट दिसायला १०० मीटरच्या आसपास जावं लागतं हे लक्षात असू द्या. आणि रन झाल्यावर आधी पावसाचा नकाशा नको, सगळ्यात खालच्या लेव्हलचं पोटेन्शियल टेंपरेचर (दाबाचा परिणाम काढून टाकलेलं तापमान, त्यात कोल्ड पूल दिसतो) आणि १ किलोमीटर उंचीवरचा व्हर्टिकल वेग एकावर एक प्लॉट करा, नवीन सेल कुठे उठणार ते पाऊस दिसायच्या आधी तिथे दिसतं.