मुंबईत समुद्र दिसणारं टेबल मिळवायचं तर

मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये समुद्राकडच्या काचेला लागून असलेली टेबलं मोजकीच असतात, आणि त्यांतली बरीचशी दोघांची. ती फक्त ओळखीवर किंवा जास्त पैसे मोजून मिळतात असा एक समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक दिवशी ती मिळतात ती नेमकं काय हवं हे ठाऊक असलेल्या आणि ते योग्य वेळी, योग्य माणसाला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला. ‘व्ह्यूवालं टेबल द्या’ एवढंच म्हटलं तर दारापाशी उभं राहून दूरवर पाण्याची एक पट्टी दिसेल असं टेबलही त्यात बसतं.

आधी दिशा बघा

मुंबईला समुद्र दोन बाजूंना आहे आणि दोन्ही बाजूंचं दृश्य वेगवेगळ्या वेळी चांगलं दिसतं. मरीन ड्राइव्ह, वरळी, वांद्रे, जुहू या पश्चिमेच्या बाजू, सूर्यास्त इथेच. अपोलो बंदर, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाचा परिसर, पूर्वेला तोंड करून आहे. ताजमहाल पॅलेसमधलं सी लाउंज पहिल्या मजल्यावर आहे, खिडकीतून गेटवे आणि बंदर समोर दिसतं, पण सूर्य मावळतो तो इमारतीच्या पाठीमागे. म्हणून तिथे सूर्यास्त बघायला जाणं व्यर्थ. तिथली खरी वेळ दुपारी चार ते साडेपाच. ऊन पाठीकडून येतं, डोळ्यांवर येत नाही, आणि गेटवेचा दगड व मांडव्याला जाणाऱ्या बोटी उजळून निघतात. पौर्णिमेला तर सूर्य मावळायच्या सुमाराला याच बाजूने चंद्र उगवतो. आकाश निरभ्र असेल तर त्या संध्याकाळी पश्चिमेपेक्षा पूर्वेची खिडकी मागावी, आणि ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते.

मरीन ड्राइव्हवरही सगळ्या जागा सारख्या नाहीत. रस्ता कमानीसारखा वळतो आणि समोर मलबार हिलचं टोक पाण्यात शिरलेलं आहे. नरिमन पॉइंटच्या टोकाकडून पाहिलं तर समोर मोकळा समुद्र असतो आणि सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. जसजसं चौपाटीकडे सरकावं तसतशी मलबार हिल आडवी येते. शिवाय सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. डिसेंबरात तो नैर्ऋत्येकडे, डावीकडच्या मोकळ्या समुद्रावर असतो. मे-जूनमध्ये उत्तरेकडे सरकून टेकडीच्या बाजूला जातो. चर्चगेटसमोरच्या रेस्टॉरंटमधून डिसेंबरात पाण्यात मावळणारा सूर्य जूनमध्ये टेकडीआड जातो. जुहूला हा प्रश्न नाही, समोर सरळ अरबी समुद्र.

उंचीचाही विचार करावा. तळमजल्यावर बसलं की लाटांचा आवाज येतो, कठड्यावर बसलेली माणसं दिसतात, पण मध्ये रस्ता आणि गाड्याही दिसतात. वरळीच्या फोर सीझन्स हॉटेलमधला ‘एअर’ हा बार चौतिसाव्या मजल्यावर, उघड्या गच्चीवर आहे. तिथून किनारा, सी लिंक आणि शहराचे दिवे दिसतात, लाटा मात्र नुसत्या रेघा होतात. पाणी बघायचं असेल तर पहिल्या ते आठव्या मजल्यापर्यंतची जागा बरी. शहर बघायचं असेल तर जितकं उंच तितकं चांगलं.

वेळ: इथेच बहुतेकांचं चुकतं

बऱ्याच मोठ्या रेस्टॉरंटमध्ये रात्रीचं जेवण सात किंवा साडेसातला सुरू होतं. आता मुंबईतल्या सूर्यास्ताच्या वेळा बघा. नोव्हेंबरच्या शेवटी साधारण सहा वाजता, जानेवारीच्या मध्याला सहा वीस, मार्चच्या मध्याला पावणेसात, मेच्या मध्याला सात वाजून पाच मिनिटं, जूनअखेर सात वीस, आणि ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा सव्वासहा. म्हणजे थंडीत डिनरचं टेबल घेतलं तर बसेपर्यंत बाहेर अंधार झालेला असतो, आणि आपल्याकडे सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. काचेजवळचं टेबल मिळूनही काचेत स्वतःचं प्रतिबिंबच बघत बसावं लागतं.

उपाय सोपा आहे. ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत सूर्यास्त हवा असेल तर डिनरच्या नव्हे, हाय-टीच्या, बारच्या किंवा दिवसभर चालू असणाऱ्या रेस्टॉरंटच्या टेबलाबद्दल विचारावं. मरीन ड्राइव्हवर इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलच्या गच्चीवरचा ‘डोम’ हा बार अशाच संध्याकाळसाठी आहे. मे-जूनमध्ये सातचं पहिलं सिटिंग, म्हणजे त्या टेबलावरची संध्याकाळची पहिली पाळी, मिळाली तर जेवणाच्या टेबलावरूनही सूर्यास्त साधतो. एरवी सूर्यास्ताच्या निदान पाऊण तास आधी खुर्चीत असावं. डिसेंबर-जानेवारीत आणखी वीस मिनिटं आधी. त्या दिवसांत क्षितिजावर धुरकं इतकं असतं की सूर्य पाण्याला टेकायच्या बऱ्याच आधी त्यातच विरून जातो. रंगांसाठी सगळ्यांत चांगले दिवस म्हणजे पाऊस ओसरतानाचे, सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरची सुरुवात.

पश्चिमेच्या काचेबाबत एक अडचण लक्षात ठेवा. ऊन थेट आत येतं म्हणून संध्याकाळी पडदे खाली ओढलेले असतात. फोनवरच विचारावं, ‘पडदे किती वाजता वर करता?’

फोन कधी आणि काय

अ‍ॅपवरून टेबल बुक होतं, जागा बुक होत नाही. ‘विशेष सूचना’च्या चौकोनात लिहिलेलं ‘विंडो सीट’ बहुतेक ठिकाणी नुसती विनंती म्हणून नोंदलं जातं. म्हणून अ‍ॅपवर नोंदणी केली तरी रेस्टॉरंटला फोन करावाच. हॉटेलच्या मुख्य नंबरवर बोलत बसू नका. रेस्टॉरंटला जोडून द्यायला सांगा आणि तिथल्या मॅनेजरशी किंवा होस्टेसशी बोला. कुठलं टेबल कुणाला हे तीच माणसं ठरवतात.

फोनची वेळ दुपारी साडेतीन ते पाच. लंच आटोपलेलं असतं, डिनरची मांडणी व्हायची असते, आणि बऱ्याच ठिकाणी संध्याकाळच्या टेबलांची आखणी याच सुमारास होते. दुपारी एक ते अडीच किंवा रात्री आठनंतर फोन केला तर उचलणाऱ्यासमोर गिऱ्हाईक उभं असतं. तो ‘हो, बघतो’ म्हणेल आणि काही लिहून घेणार नाही. शनिवार-रविवारसाठी आठ-दहा दिवस आधी आणि मग त्या दिवशी दुपारी चारला पुन्हा एकदा, असे दोन फोन करावेत. दुसऱ्या फोनचा फायदा मोठा आहे, कारण रद्द झालेली टेबलं तोवर कळलेली असतात. मधल्या वारी, विशेषतः सोमवार ते बुधवार, एका फोनवर काम होतं.

बोलायचं असं: ‘नमस्कार मॅडम, येत्या मंगळवारी संध्याकाळी सहाचं दोघांचं टेबल हवं आहे. काचेला लागून असलेल्या पहिल्या रांगेतलं, मध्ये खांब नको. आम्ही पावणेसहालाच येऊ आणि आठपर्यंत उठू. हे टेबल नक्की आहे की विनंती म्हणून लिहिताय?’ या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकल्याशिवाय फोन ठेवू नये. ‘विनंती’ असं उत्तर आलं तर विचारा, ‘कुठल्या वेळेला ते नक्की देता येईल?’ पुष्कळदा अर्धा तास मागेपुढे केल्यावर टेबल मोकळं निघतं. उठायची वेळ आपणहून सांगणंही उपयोगी पडतं. नऊचं दुसरं सिटिंग त्याच टेबलावर लावता येणार असेल तर मॅनेजर ते आनंदाने देतो. शेवटी बोलणाऱ्याचं नाव विचारून घ्यावं आणि शक्य असेल तर टेबलाचा नंबरही.

काही गच्च्यांवर पुढच्या रांगेसाठी किमान खर्चाची अट असते. ती माणशी आहे की टेबलाची, आणि त्यात कर धरलाय का, हे आधीच विचारा.

माणसांची संख्या फार महत्त्वाची. दोघं असाल तर शक्यता सर्वांत जास्त, चौघांना मिळू शकतं, सहा जणांना काचेजवळ मिळणं अवघड. दोन टेबलं जोडावी लागतात, वाट अडते, म्हणून अशी मंडळी आत बसवतात. सहा जणांना दृश्य हवंच असेल तर काचेजवळच तीन आणि तीन अशी दोन शेजारची टेबलं मागावीत. संख्या ऐनवेळी बदलणं हा टेबल गमावण्याचा हमखास मार्ग आहे. दोनाचे तीन झाले की दोघांचं टेबल जातंच. आईबाबा बरोबर असतील, जिना चढवत नसेल तर लिफ्ट थेट गच्चीपर्यंत जाते की शेवटचा मजला पायऱ्यांनी आहे हे विचारून घ्या.

दारात पोचल्यावर

सगळेजण एकत्र पोचा. अर्धी मंडळी आली असताना टेबलावर बसवायचं नाही असा पुष्कळ ठिकाणी नियम असतो, आणि ठरल्या वेळेनंतर साधारण पंधरा मिनिटांनी टेबल दुसऱ्याला जातं. मरीन ड्राइव्हच्या रहदारीत अडकलात तर तिथूनच फोन करून ‘दहा मिनिटांत पोचतो’ असं कळवा. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी, अनंत चतुर्दशीला आणि 31 डिसेंबरला तिथले रस्ते बंद किंवा वळवलेले असतात. त्या दिवशी लोकलने चर्चगेटला उतरून चालत जावं.

दिलेलं टेबल ठरल्याप्रमाणे नसेल तर उभं असतानाच बोला. खुर्चीत बसून नॅपकिन उघडला, ग्लासात पाणी ओतलं गेलं, की ते टेबल ‘लागलं’. मग बदलायचं तर सगळी मांडणी पुन्हा करावी लागते आणि वेटरचा उत्साह कमी होतो. हसतमुखाने एवढंच म्हणावं, ‘काल दुपारी अमुक मॅडमशी बोलणं झालं होतं, काचेजवळचं ठरलं होतं. ते मोकळं व्हायला वेळ असेल तर आम्ही बारजवळ थांबतो.’ थांबायची तयारी दाखवली की पुष्कळ वेळा मार्ग निघतो. आवाज चढवला तर निघत नाही. आत शिरताना हातात नोट सरकवायची आपल्याकडे रीत नाही आणि त्याने होस्टेस अवघडते. जाताना टिप द्यावी, मॅनेजरला नावाने धन्यवाद द्यावेत. पुढच्या वेळी ओळख तीच.

टेबल काचेला लागून असलं तरी दोन गोष्टी बघून घ्या. डोक्यावर एसीचा झोत आहे का, आणि पाठीमागे ताटं ठेवण्याचं टेबल किंवा स्वयंपाकघराचं दार आहे का. दुसरं, खुर्च्या कशा आहेत. टेबलाची अरुंद बाजू काचेला टेकलेली असेल तर दोघं समोरासमोर बसून दोघांनाही बाजूला समुद्र दिसतो. टेबल काचेला समांतर असेल तर एकाची पाठ समुद्राला येते. अशा वेळी वेटरला सांगून ती खुर्ची कोपऱ्यावर घ्यावी. बहुतेक लगेच करून देतात.

अंधार पडल्यावर काचेत आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब पडतं. टेबलावरची मेणबत्ती किंवा छोटा दिवा काचेपासून दूर, आतल्या कडेला सरकवला तर बाहेरचं पुष्कळ स्पष्ट दिसू लागतं. डोक्यावरचा दिवा मंद करता येतो का तेही विचारावं.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर उघड्या गच्च्या बंद असतात किंवा वर छत घातलेलं असतं, म्हणून फोनवर ‘बाहेरची बाजू चालू आहे का’ हा पहिला प्रश्न. बंद काचेमागे वेगळाच त्रास होतो. आत एसीने काच गार पडते आणि बाहेरच्या दमट हवेतलं पाणी काचेच्या बाहेरच्या अंगाला जमतं. ते आतून पुसून जात नाही. एसीचा झोत थेट काचेवर नसलेलं टेबल घेतलं तर धुकं कमी धरतं.

पण पावसाळ्यात मरीन ड्राइव्हला दुपारच्या जेवणाचं टेबल घ्यावं, ते भरतीसाठी. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी मुंबई महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे मोठी भरती साधारण दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान येते, म्हणजे ऐन लंचच्या वेळी. वारा असेल तर लाटा कठड्यावरून उडून रस्त्यावर येतात. त्या दिवशी भरतीच्या वेळेआधी अर्धा तास, पहिल्या मजल्याच्या आसपासचं काचेजवळचं टेबल मागा. रहदारी तुंबते, म्हणून घरून लवकर निघा.

कपडे आणि बिल

पुरुषांनी संध्याकाळी अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा शर्ट, रबरी चपला टाळाव्यात. त्यावरून दारातच अडवतात. सॅंडल किंवा कोल्हापुरी चालेल का ते फोनवर विचारावं. काही गच्चीवरच्या बारमध्ये लहान मुलांना अमुक वाजल्यानंतर प्रवेश नसतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय 21, इतर मद्यासाठी 25 लागतं, ओळखपत्र जवळ असू द्या.

मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये खाण्यावर सहसा 18 टक्के जीएसटी लागतो, हॉटेलाबाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये 5 टक्के. बजेट धरताना हा फरक मोजावा. सेवाशुल्क ग्राहकावर सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती उचलून धरली. बिलात ते आपोआप लावलेलं दिसलं तर काढायला सांगता येतं, आणि तीच रक्कम ज्याने टेबल मिळवून दिलं त्याच्या हातात टिप म्हणून देता येते.