ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला जाताय? आधी तिथी बघा

पोरांना घेऊन नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात जायचं ठरवत असाल तर सुट्टीचा वार नंतर, आधी भरतीची वेळ बघा, कारण ठाणे खाडीतली बोट भरतीच्या पाण्यावरच सुटते आणि ती वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. कोकणातला जुना हिशोब सोपाय, तिथीची पाऊणपट करायची. द्वादशी असेल तर १२ ची पाऊणपट ९, म्हणजे नऊच्या आसपास पूर्ण भरती. हा अंदाज झाला, पक्की वेळ बुकिंग करतानाच विचारून घ्या.

फ्लेमिंगो साधारण डिसेंबर ते मे, पण मला विचाराल तर फेब्रुवारी-मार्च, उगाच दिवाळीच्या सुट्टीत नेऊन पोरांचा हिरमोड करू नका. दुर्बीण एक तरी न्याच. टोप्या आणि पाणी तर हवंच, बोटीत ऊन डोक्यावर येतं.

आणि बोट झाली की लगेच घरी पळू नका हो, खारफुटीतल्या लाकडी वाटेवर आजी-आजोबांनाही हळूहळू चालता येतं. ओहोटी लागली की कठड्याशी गप्प उभं राहायचं, दोन मिनिटांत चिखलातून एकच नांगी मोठी असलेले खेकडे बाहेर येतात, निवट्या म्हणजे चिखलातले छोटे मासे टुणटुण उड्या मारतात, आमची धाकटी तिथून हलायलाच तयार नव्हती!